शुनःशेपाख्यानांतील देवाज्ञा व तिचा नैतिक विरोध

धर्मग्रंथांतील देवाची आज्ञा आणि मनुष्याची धर्मबुद्धि यांची गांठ पडली असतां दोहोंपैकीं प्रमाण कोणतें मानावें, हा प्रश्न अर्वाचीन टीकाकारांनीं प्रथम उपस्थित केला, असा समज पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे. प्राचीनांस हा विरोध दिसलाच नाहीं, असें एक पक्ष म्हणतो. विरोध मुळांत नाहींच, असें दुसरा पक्ष म्हणतो. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं मूळ ग्रंथ पुरेशा सावकाशीनें वाचलेले नाहींत. ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाचें आख्यान घेऊन आम्ही असें दाखवूं इच्छितों कीं, हा विरोध त्या ग्रंथकारास स्पष्ट दिसत होता व त्यानें तो उघडा ठेविला. तो झांकण्याचा उद्योग उत्तरकालीं झाला, आणि त्या उद्योगाच्या खुणा निरनिराळ्या ग्रंथांत आजहि जशाच्या तशा सांपडतात.

सदर आख्यान सातव्या पंचिकेच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. ऋग्वेदी दशग्रंथी वैदिकांच्या अध्ययनांत ऐतरेय ब्राह्मण येत असल्यामुळें आपल्या प्रांतांत तें मुखानें व पोथीनें अशा दोन्ही मार्गांनीं टिकलें. पुणें येथील कॉलेजांत संस्कृताचें काम पाहणाऱ्या मार्टिन हौग यानें तें इ. स. १८६३ मध्यें मुंबईस इंग्रजी भाषांतरासह छापविलें. पुढें औफ्रेख्ट याची प्रत १८७९ त बॉन येथें, व सायणभाष्यासह आनंदाश्रमाची प्रत १८९६ त पुण्यास निघाली. यामुळें मूळ पाहण्याची अडचण आज कोणासहि नाहीं.

आख्यान संक्षेपानें असें. इक्ष्वाकुकुळांतील वेधसाचा पुत्र राजा हरिश्चंद्र यास शंभर स्त्रिया असून पुत्र नव्हता. पुत्रापासून लाभ काय, असें त्यानें घरीं राहणाऱ्या नारदास विचारलें. नारदानें दहा गाथांनीं पुत्राची थोरवी गाइली आणि शेवटीं उपाय सांगितला: वरुणास शरण जा, पुत्र दे म्हण, आणि त्याच पुत्रानें तुझें यजन करीन असें वचन दे. रोहित जन्मला. वरुणानें यज्ञ मागितला. राजानें दहा दिवसांची मुदत घेतली, मग दांत येईपर्यंत, मग दांत पडेपर्यंत, मग पुन्हां दांत येईपर्यंत, मग क्षत्रियास शस्त्र धारण करण्याची योग्यता येईपर्यंत. अखेरीस राजानें मुलास खरें काय तें सांगितलें. रोहित नको म्हणाला आणि धनुष्य घेऊन अरण्यांत गेला. वरुणानें राजास धरलें व त्याचें उदर फुगलें. बापाच्या दुखण्याची वार्ता ऐकून मुलगा गांवाकडे परते, तों मनुष्यरूपानें इंद्र आडवा येऊन त्यास फिरत राहण्याचा उपदेश करी. असें पांच वेळां झालें. सहाव्या वर्षीं रोहितास अजीगर्त सौयवसि हा भुकेनें पीडलेला ऋषि भेटला. त्याचे तीन पुत्र: शुनःपुच्छ, शुनःशेप व शुनोलांगूल. वडील मुलगा बापानें सोडला नाहीं, धाकटा आईनें सोडला नाहीं. मधला शंभर गाईंस विकला गेला. क्षत्रियाहून ब्राह्मण अधिक, असें म्हणून वरुणानें हा बदल मान्य केला व राजास राजसूय सांगितला. विश्वामित्र होता, जमदग्नि अध्वर्यु, वसिष्ठ ब्रह्मा, अयास्य उद्गाता. मुलास यूपास बांधावयास कोणी मिळेना. अजीगर्तानें आणखी शंभर गाई घेऊन बांधलें. मारावयास कोणी मिळेना. आणखी शंभर घेऊन अजीगर्तच शस्त्रास धार लावीत पुढें आला. तेव्हां शुनःशेपानें एकामागून एक देवतांची स्तुति केली, आणि ऋचेगणिक पाश गळून पडले व राजाचें उदर उतरलें. मुक्त झालेला मुलगा विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. बापानें त्यास परत बोलाविलें, आपल्या कृत्याचा ताप होतो असें म्हटलें, तीनशें गाई देऊं केल्या. मुलानें तें नाकारलें: जो एकदां असें करितो तो पुन्हां करील, हें कृत्य असंधेय आहे, म्हणजे ज्याची जोडणी पुन्हां होऊं शकत नाहीं असें आहे.

आतां विरोध कोठें आहे तो पाहूं. वरुण हा ऋताचा रक्षक व असत्याचा शासक. त्याच्याच आज्ञेनें हरिश्चंद्र अशा कोंडींत सांपडतो कीं, वचन पाळावें तर पुत्रघात, आणि पुत्र राखावा तर असत्य. ज्या नारदाच्या तोंडीं पुत्रमहिमा आहे त्याच्याच तोंडीं पुत्रबलीचें वचन आहे, आणि दोहोंमध्यें ग्रंथकारानें एका वाक्याचेंहि अंतर ठेविलेलें नाहीं. एक देव पुत्र मागतो. दुसरा देव त्याच पुत्रास पांच वेळां अरण्यांत परत धाडतो. इंद्राच्या या वर्तनाचें कारण ग्रंथांत कोठेंहि दिलेलें नाहीं, परंतु परिणाम स्पष्ट आहे: वरुणाची आज्ञा मोडण्यास एक देवच साह्य करितो. शेवटीं ज्यानें बळी मागितला तोच वरुण केवळ स्तुतीनें संतुष्ट होऊन पाश सोडतो. स्तुतीनेंच काम होणार होतें तर इतकीं वर्षें देवानें मागितलें तें काय, हा प्रश्न वाचकाच्या मनांत उभा करून आख्यान पुढें जातें.

या आख्यानावर अर्वाचीन विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें, पण तें बहुतेक एकाच वादाभोंवतीं फिरलें. कोलब्रूकानें १८०५ मध्येंच पुरुषमेध हा केवळ प्रतीकात्मक होता असें प्रतिपादिलें होतें. विल्सनानें १८५२ त प्रस्तुत आख्यानाच्या आधारें वैदिक काळीं नरबळी होता असा पक्ष मांडला. मॅक्समुल्लरानें १८५९ च्या आपल्या ग्रंथांत आख्यान मूळ व भाषांतरासह दिलें. राजेंद्रलाल मित्रांनीं १८७६ त त्याच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. नरबळी होता कीं नव्हता, हा प्रश्न इतिहासाचा आहे व महत्त्वाचाहि आहे. तथापि त्याच्या भरांत दुसरा प्रश्न मागें राहिला: हें आख्यान ज्यानें रचलें त्यास त्या आज्ञेविषयीं काय वाटत होतें?

आपल्याकडील शास्त्री मंडळींचें उत्तर मीमांसेच्या आधारें असें असतें कीं, आख्यान हा अर्थवाद आहे, त्यांत विधि नाहीं. सबब नरबळीची आज्ञा श्रुतीनें दिली असें म्हणतांच येत नाहीं. हें उत्तर शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. येथें विधि आहे तो आख्यान सांगण्याचा. राजसूयांत अभिषेकानंतर होत्यानें सुवर्णाच्या आसनावर बसून हें राजास ऐकवावें. अध्वर्यूनेंहि तशाच आसनावरून ऋचेस एक व गाथेस एक असा ठराविक प्रतिसाद द्यावा. सांगणारास सहस्र व प्रतिसाद देणारास शंभर दक्षिणा द्यावी. यज्ञ न करणाऱ्या विजयी राजानेंहि हें सांगवून घ्यावें, आणि पुत्रेच्छूंनीं तर अवश्य ऐकावें, असें तेथें सांगितलें आहे. परंतु अर्थवाद म्हणून बाजूस सारल्यानें आमचा प्रश्न सुटत नाहीं, उलट अधिक तीव्र होतो. नुकताच अभिषिक्त झालेला राजा प्रथम काय ऐकतो? दुसऱ्या एका राजानें आपला मुलगा वांचविण्यासाठीं गरिबाचा मुलगा विकत घेतला, ही कथा. पुत्राची इच्छा करणारा काय ऐकतो? पुत्रास मारावयास निघालेल्या बापाची कथा. हा योग अजाणतां जुळून आला, असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां आख्यानाखालचा जुना थर पाहूं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळांतील २४ ते ३० हीं सात सूक्तें परंपरेनें शुनःशेपाचीं मानलीं आहेत. त्यांच्या ऋचा ९७ होतात. २४ व्या सूक्तांत शुनःशेप हा तीन खांबांस बांधला असतां त्यानें आदित्याचा धांवा केला असा उल्लेख आहे, आणि पांचव्या मंडळाच्या दुसऱ्या सूक्तांत अग्नीनें त्यास सोडविल्याचा उल्लेख आहे. पण या सूक्तांत हरिश्चंद्र नाहीं, रोहित नाहीं, अजीगर्त नाहीं, विक्रयहि नाहीं. इतकेंच नव्हे, तर २४ व्या सूक्ताच्या पहिल्याच ऋचेंत ऋषि अदितीकडे परत जाण्याची इच्छा करितो ती आपल्या बापास व आईस पाहतां यावें म्हणून. ऐतरेय ब्राह्मणाप्रमाणें ही ऋचा शुनःशेप उच्चारितो तेव्हां बाप समोरच उभा आहे आणि त्याच्या हातांत शस्त्र आहे! मूळ सूक्त व आख्यान हीं दोन निरनिराळ्या काळांचीं आहेत, याचें याहून चांगलें अंतर्गत प्रमाण दुसरें मिळणें कठीण. आईबापांच्या भेटीसाठीं तळमळणाऱ्या बद्ध मनुष्याची प्रार्थना आख्यानकारानें हातीं घेतली आणि तीभोंवतीं त्याच आईबापांनीं विकलेल्या मुलाची कथा विणली. सूक्तांत नसलेला नैतिक प्रश्न त्यानें स्वतः उत्पन्न केला आहे.

त्यानें निकालहि दिला आहे, आणि तो अजीगर्तावर दिला आहे. येथें तीनशें गाईंचा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. पहिल्या शंभर गाई भुकेच्या आहेत. ऋषि उपाशी होता हें ग्रंथ सांगतो. दुसऱ्या शंभर बांधण्याच्या व तिसऱ्या शंभर मारण्याच्या. त्या वेळीं पहिल्या शंभर गाई त्याच्या पदरीं आलेल्या होत्या, म्हणजे भूक हें कारण उरलें नव्हतें. ग्रंथकारानें किंमत एकदम तीनशें न सांगतां तीन हप्त्यांत सांगितली ती याच भेदासाठीं, असें आमचें मत आहे. मुलाच्या आरोपांतहि तीनशें गाई व हातांतलें शस्त्र यांचा उल्लेख आहे, भुकेचा नाहीं.

आतां मनुस्मृति उघडावी. दहाव्या अध्यायांत आपद्धर्माच्या प्रकरणीं, १०५ व्या श्लोकांत, अजीगर्ताचें उदाहरण दिलें आहे. भुकेलेला अजीगर्त पुत्रास मारावयास गेला, तरी क्षुधेचा प्रतिकार करीत असल्यामुळें त्यास पाप लागलें नाहीं, असा तेथील अभिप्राय आहे. कुल्लूकभट्ट त्यावरील टीकेंत या गोष्टीच्या आधारासाठीं बह्वृचब्राह्मणाकडे बोट दाखवितो. पण बह्वृचब्राह्मण म्हणजे हेंच ऐतरेय, आणि त्यांत नेमकें उलट आहे! तेथें मुलगा त्या कृत्यास असंधेय म्हणतो, विश्वामित्र त्यास दुजोरा देतो, आणि खुद्द अजीगर्त आपल्या कृत्यास पाप म्हणतो. शिवाय मनूनें क्षमा केली आहे ती विकण्यास नव्हे, मारावयास जाण्यास; म्हणजे तिसऱ्या शंभर गाईंच्या कृत्यास, ज्यास भूक हें कारण लागूच पडत नाहीं. श्रुति व स्मृति यांचा विरोध असतां श्रुति बलवत्तर, हा जैमिनीचा न्याय सर्वांस ठाऊक आहे. प्रस्तुत प्रकरणीं मात्र स्मृतीच्या टीकाकारानें श्रुतीचाच आधार देऊन श्रुतीविरुद्ध निर्णय तसाच राहूं दिला. हा नुसता अनवधानाचा प्रकार असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आपत्तींत ब्राह्मणानें काय करावें याचीं उदाहरणें गोळा करणारास हें एक सोईचें उदाहरण हवें होतें. त्यांतील मुलाचें म्हणणें त्यास नको होतें. वसिष्ठधर्मसूत्राच्या सतराव्या अध्यायांतहि याच कथेचा उपयोग क्रीत व स्वयमुपागत या पुत्रप्रकारांचा दाखला म्हणून केला आहे. तेथें विक्रय हा एक कायद्याचा दाखला उरतो. शस्त्र व यूप गळून जातात.

रामायणांत झांकण्याची रीत निराळी आहे. बालकांडाच्या ६१ व ६२ व्या सर्गांत राजा अंबरीष आहे. त्याच्या यज्ञाचा पशु इंद्रानें नेला म्हणून बदली मनुष्य हवा आहे. वरुणाची मागणी नाहीं, वचन नाहीं, वचनभंगहि नाहीं. बापाचें नांव ऋचीक, किंमत एक लक्ष गाई. वडील मुलगा बापास प्रिय व धाकटा आईस प्रिय, हें ऐकून शुनःशेप स्वतःच राजास म्हणतो कीं, मला ने. याप्रमाणें देव दोषांतून सुटला, बाप बहुतेक सुटला, आणि भार मुलाच्या संमतीवर पडला. तरीहि विरोध पुरता मिटला नाहीं; तो विश्वामित्राकडे सरकला. शरण आलेल्या भाच्याच्या जागीं जावयास त्यानें स्वतःच्या पुत्रांस सांगितलें आणि त्यांनीं नाकारतांच शाप दिला. एकाचा पुत्र वांचवावयाचा तर दुसऱ्याचा द्यावा लागतो, हें ऐतरेयांतील मूळ सूत्र येथेंहि जिवंत आहे.

भागवतानें कथेचे दोन तुकडे केले. नवम स्कंधाच्या सातव्या अध्यायांत वरुण, रोहित, अजीगर्त व मधला पुत्र येतात, हरिश्चंद्रानें पुरुषमेध केला व उदररोगांतून मुक्त झाला असें सांगितलें जातें, आणि बळीचें काय झालें हें तेथें कळत नाहीं. त्याची सुटका नऊ अध्यायांनंतर, सोळाव्यांत, विश्वामित्राच्या वंशकथनांत येते. केवळ सातवा अध्याय वाचणाऱ्यास राजाचा यश तेवढा दिसतो. ब्रह्मपुराणांतील गौतमीमाहात्म्यानें हीच कथा आपल्या गोदातीरीं आणून बसविली आणि तिचें तीर्थमाहात्म्य केलें.

सर्वांत मोठा पालट मार्कंडेयपुराणांत आहे. आपल्या लोकांस कीर्तनांतून, पोथ्यांतून व १९१३ सालच्या फाळके यांच्या चित्रपटामुळें जो सत्यवचनी हरिश्चंद्र परिचित आहे, तो या पुराणाच्या परंपरेंतला. ऐतरेयांतील हरिश्चंद्र देवास पांच वेळां मुदत मागून वचन टाळतो. येथील हरिश्चंद्र वचनासाठीं सर्वस्व देतो. तेथें विश्वामित्र मुलास तारणारा, येथें राजास छळणारा. आणि विशेष लक्ष्यांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, पुत्राचा विक्रय दोहींकडे आहे. तेथें अजीगर्तानें पुत्र विकला तो त्याच्या पातकाचा आरंभ. येथें हरिश्चंद्र पत्नीस व पुत्रास विकतो ती सत्यनिष्ठेची परिसीमा. कृत्य एकच, निकाल परस्परविरुद्ध. ज्या वाचकास दोन्ही ग्रंथ सारखेच पूज्य आहेत त्यानें हा विरोध पाहून न पाहिल्यासारखें करूं नये.

देवाची किंवा यज्ञाची मागणी मध्येंच उलटणें हा प्रकार ब्राह्मणग्रंथांत अन्यत्रहि आहे. शतपथब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत पुरुषमेधाच्या वेळीं यूपांस बांधलेले पुरुष मारण्यापूर्वीं एक वाणी होते, आणि हें पुरें केल्यास मनुष्य मनुष्यास खाईल, अशी ती सूचना देते. तेव्हां त्या सर्वांस सोडून देतात. ऐतरेयाच्याच दुसऱ्या पंचिकेंत यज्ञयोग्यता मनुष्यांतून निघून अश्व, बैल, मेंढा, बकरा अशी उतरत शेवटीं भातांत शिरल्याची कथा आहे. ज्यू लोकांच्या जुन्या करारांत, उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायांत, अब्राहामास पुत्र इसहाक याचें बलिदान करण्याची आज्ञा होते व ऐन वेळीं ती मागें घेतली जाते. या कथेशीं आमच्या आख्यानाची तुलना करणें उपयुक्त आहे, पण ती भेदासाठीं. तेथें शस्त्र उचलणाऱ्या बापाच्या आज्ञाधारकपणाची प्रशंसा होते व त्यास वंशवृद्धीचा आशीर्वाद मिळतो. येथें शस्त्र उचलणारा बाप पुत्रास कायमचा मुकतो. आणि आज्ञा टाळीत राहिलेला बाप पुत्रासह वांचतो. देवास हो म्हणणारा हात आणि देवाची मागणी लांबविणारें मन, यांपैकीं दुसऱ्याच्या बाजूनें आमचा आख्यानकार झुकला आहे.

तथापि त्याचा न्याय पुरता आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. विकणाऱ्यास दोष लागला. विकत घेणाऱ्यास कोणी एक शब्द विचारीत नाहीं. वसिष्ठ व जमदग्नि यांच्यासारखे ऋत्विज आपापल्या आसनांवर बसून राहिले. यूप व शस्त्र समोर असतां त्यांपैकीं कोणी कर्म थांबविल्याचें ग्रंथांत नाहीं. ज्या विश्वामित्रानें पुढें कृत्यास असंधेय म्हटलें तोच त्या यज्ञाचा होता होता. वरुणानें ब्राह्मणाचें मोल क्षत्रियाहून अधिक ठरविलें, आणि त्याच ब्राह्मणाच्या बापाविषयीं मुलगा म्हणतो कीं, असें शस्त्र शूद्रांतहि कोणाच्या हातीं दिसलें नाहीं. या शब्दांत त्या काळचा वर्णाभिमान उघड आहे, आणि त्याच वर्णाभिमानाचा पराभवहि आहे. ग्रंथकार देवास दोषी म्हणत नाहीं. तें त्यास शक्यहि नव्हतें. त्यानें एवढेंच केलें कीं, देवाची आज्ञा शब्दशः लिहिली, तिचा परिणाम शब्दशः लिहिला, आणि ज्याच्यावर शस्त्र धरलें गेलें त्याच्याच तोंडून निकाल वदविला. धर्मग्रंथांत इतकी मोकळीक असणें हें आमच्या मतें त्या ग्रंथाचें भूषण आहे. विरोध नाहींच असें म्हणणारे भाविक व विरोध दिसला म्हणून ग्रंथच टाकून देणारे टीकाकार, दोघेहि त्यास या भूषणास मुकवितात.

असो. पोथ्यांच्या संग्राहकांस यावरून एक विनंति करावीशी वाटते. हरिश्चंद्राख्यान किंवा शुनःशेपाख्यान अशा नांवाची पोथी हातीं आली असतां यादींत केवळ नांव टिपून थांबूं नये. राजा हरिश्चंद्र कीं अंबरीष, बाप अजीगर्त कीं ऋचीक, गाई किती व किती वेळां, मुलगा विकला गेला कीं स्वतः निघाला, बापाचा पश्चात्ताप व मुलाचें उत्तर आहे कीं गाळलें आहे, एवढ्या पांच गोष्टी तरी नोंदवाव्या. यांपैकीं कोणती गोष्ट कोणत्या पोथींत बदलली, यावरून त्या त्या काळच्या लोकांस कोणती गोष्ट असह्य झाली तें कळतें. पाठभेद म्हणजे केवळ लेखकाचा हस्तदोष, असें समजून ते सरसकट समासांत ढकलणें बरें नव्हे. कित्येक पाठभेद हे कोणा एकाच्या धर्मबुद्धीनें केलेले निवाडे असतात, आणि ते निवाडे जपून ठेवणें हेंहि इतिहाससंशोधनाचेंच काम आहे.